व्हय म्हाराजा! नास्तिक, त्यांचे आदर्श आणि व्यक्तिपूजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा नास्तिकांचा कट्टा मालवण तालुक्यातल्या एका गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. पंधरा-वीस माणसं, मे महिन्यात चाकरमानी आले की तीस. देव आहे की नाही यावरून आता आमच्यात भांडण होत नाही. भांडणं होतात ती माणसांवरून. कोणाचा फोटो लावायचा, कोणाविषयी वाकडं बोललेलं चालतं, कोणाविषयी नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उत्तरं माझी आहेत, कट्ट्याची नाहीत. दोघातिघांना यातली निम्मी पटलेली नाहीत.

देव मानत नाही म्हणता, मग माणसांना कशाला डोक्यावर घेता?

कारण आम्हीही माणसंच. कोणाचं काम बघून ऊर भरून येणं हा काही भाविकांचा मक्ता नव्हे. तेवीस वर्षांचा भगतसिंग ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात बसून आपण नास्तिक का आहोत हे शांतपणे लिहून काढतो, आणि पुढच्या मार्चमध्ये फासावर जातो. हे वाचून ज्याला काहीच होत नाही त्याच्याशी मला फारशा गप्पा मारायच्या नाहीत.

अडचण पुढे आहे. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतो आणि प्रत्येक वाक्य संपलं की सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मागच्या रांगेतल्याला काय मागितलं ते ऐकूही आलेलं नसतं. तोही म्हणतो, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणतो. देवळात ते शोभतं, मला तर ऐकायलाही आवडतं. पण वरच्या खोलीत एखाद्या पाहुण्या वक्त्याच्या वाक्यावाक्याला माना डोलायला लागल्या की माझ्या कानात तेच वाजतं. देव गेला, ‘व्हय म्हाराजा’ राहिलं.

तुमच्या खोलीत एकही फोटो का नाही?

होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा. २० ऑगस्टला, त्यांच्या खुनाच्या दिवशी, आम्ही त्याला हार घालायचो. एका वर्षी खोली झाडायला येणाऱ्या मावशींनी आमच्या आधी येऊन फोटोसमोर उदबत्ती लावून ठेवली. आमच्यातला एक तरुण सभासद तडकला. म्हणाला, मावशी, हे असलं इथे चालत नाही. मावशींनी झाडू खाली ठेवला आणि विचारलं, “तुमी हार घातलास ता चलता, मी उदबत्ती लायलंय ता चलणा नाय?”

कोणालाही उत्तर आलं नाही. मी मनात एक-दोन जुळवून पाहिली: हार हे आदराचं प्रतीक, उदबत्ती हे पूजेचं. पण बोलण्याआधीच ती मला पोकळ वाटली. पुढच्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने खिळा गंजला, फोटो खाली आला, काच फुटली. परत लावायचा की नाही यावर दोन बैठका गेल्या. शेवटी फोटोच्या जागी दाभोलकरांच्या पुस्तकांसाठी फळी ठोकली. पुस्तकं फोटोपेक्षा जास्त धूळ खातात ही तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

आदर कुठे संपतो आणि भक्ती कुठे सुरू होते?

याचं सगळ्यात नेमकं उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलेलं आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला त्यांनी रानडे, गांधी आणि जीना यांच्यावर भाषण केलं. ते गाजलं, वृत्तपत्रांनी झोडपलं. पुढे ते भाषण पुस्तकरूपाने छापलं. त्या पुस्तकात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. एखाद्याच्या थोरवीचं मनापासून कौतुक करणं हा एक प्रकार, त्यात गैर काही नाही. त्या माणसाची आज्ञा पाळणं हा दुसरा, आणि तो घातक, कारण तिथे माणूस आपली बुद्धी गहाण टाकतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात ते आणखी पुढे गेले: धर्मात भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

माझी स्वतःची चाचणी अगदी घरगुती आहे. तुमच्या आदर्श माणसाची एक चूक सांगा. पटकन, अडखळल्याशिवाय. ‘जरा तापट होते’ किंवा ‘तब्येतीकडे फार दुर्लक्ष केलं’ हे धरत नाही. त्या चुका नव्हेत, ती आरतीच आहे.

हा सगळा बागुलबुवा नाही का? धर्म सोडलेल्या लोकांनी खरंच कोणाची पूजा मांडली आहे का?

मांडली आहे, आणि अशी की आमच्या जत्रा फिक्या पडाव्यात.

ऑग्युस्त कोंत हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच तत्त्ववेत्ता. देवाचा काळ संपला, आता विज्ञानाचा आला, असं सांगणारा. त्यानेच पुढे ‘मानवतेचा धर्म’ काढला. १८४९ मध्ये त्याने एक कॅलेंडर बनवलं: तेरा महिने, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा. महिन्यांची नावं होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज, गुटेनबर्ग, शेक्सपिअर, देकार्त अशी, आणि रोजच्या दिवशी एकेक थोर माणूस. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४. उरलेला एक दिवस सगळ्या मृतांच्या स्मरणासाठी. म्हणजे आमची सर्वपित्री अमावास्याच! क्लोतिल्द दि व्हो या स्त्रीवर त्याचं प्रेम होतं. ती वारल्यावर तिच्या आठवणीसमोर तो रोज प्रार्थनेला बसायचा. या पंथाची मंदिरं ब्राझीलमध्ये उभी राहिली, आणि ब्राझीलच्या झेंड्यावरचे ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ हे शब्द त्याच विचारातून आले. माणूस हुशार होता, याबद्दल वाद नाही. सवय मात्र गेली नाही.

त्याच्या आधी फ्रेंच क्रांतीने पॅरिसमधल्या एका चर्चच्या इमारतीचं थोर पुरुषांच्या समाधिस्थळात रूपांतर केलं, तेच पांथिओन. तिथे पहिला मान मिराबो या क्रांतीच्या पुढाऱ्याला मिळाला, १७९१ मध्ये. पुढे त्याचा राजाशी गुपचूप व्यवहार होता हे कागदपत्रांतून उघड झालं आणि १७९४ मध्ये त्याला बाहेर काढून ज्याँ-पॉल मारा या दुसऱ्या क्रांतिकारकाला आत नेलं. काही महिन्यांत मारालाही बाहेर काढलं. संत ठरवायची घाई केली की असं होतं. पालखी नाचवायची आणि मग देवच बदलायचा.

सोव्हिएत रशियाने देवाला हद्दपार केलं आणि लेनिनचा देह मसाला भरून दर्शनाला ठेवला. १९५३ मध्ये शेजारी स्टालिन आला. १९६१ मध्ये त्याला उचलून बाहेर पुरलं.

ही सरकारांची उदाहरणं. पण माझ्यासारख्याला जास्त झोंबतं ते छोट्या मंडळाचं उदाहरण. न्यूयॉर्कमध्ये आयन रँड ही कट्टर नास्तिक लेखिका स्वतःची बुद्धी वापरा, कोणापुढे झुकू नका असं शिकवायची. तिच्याभोवती जमलेल्या शिष्यमंडळात मात्र तिच्या मताबाहेर जाणाऱ्याची गय नव्हती. १९६८ मध्ये तिने आपला सगळ्यात जवळचा शिष्य नॅथॅनिएल ब्रँडन यालाच बाहेर काढलं. व्यक्तिस्वातंत्र्यावर सगळ्यांचं एकच मत, आणि ते तिचं! हे मंडळ आमच्या खोलीहून काही फार मोठं नव्हतं.

निदान शास्त्रज्ञांना तरी आदर्श मानायला हरकत नाही ना? ते पुराव्याशिवाय बोलत नाहीत.

आपल्या विषयात नाही बोलत. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी गेली, ती आरटीपीसीआरची. त्यातली पीसीआर ही पद्धत काढणारा कॅरी मलिस, १९९३ चा नोबेल मानकरी. हाच मलिस एचआयव्हीमुळे एड्स होतो हे नाकारत राहिला आणि फलज्योतिषाची बाजू घेत राहिला. लायनस पाउलिंगला दोन नोबेल, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. उतारवयात तो क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने सर्दीपासून कर्करोगापर्यंत सगळं हटेल असं सांगत सुटला. कर्करोगावरच्या नीट चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. उत्क्रांतीचं तत्त्व डार्विनबरोबर मांडणारा वॉलेस आत्म्यांना बोलावणाऱ्या बैठकांवर विश्वास ठेवायचा. संख्याशास्त्राचा पाया घालणारा रोनाल्ड फिशर सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे शेवटपर्यंत मान्य करत नव्हता. तो स्वतः पाइप ओढायचा, आणि तंबाखू कंपन्यांचा सल्लागारही होता.

नावापुढे नोबेल दिसलं की आमचे लोक मेसेज तपासत नाहीत, पुढे पाठवतात. भटाने पोथीतलं सांगितलं तर मात्र ‘पुरावा कुठे?’

सावरकर चालतात का?

रत्नागिरीकडून येणाऱ्या सभासदांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि विचारणारा उत्तर आधीच खिशात घेऊन आलेला असतो.

१९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सगळ्या जातींना खुलं झालं. गाय हा उपयुक्त पशू आहे, माता नव्हे, असं त्यांनी रोखठोक लिहिलं. आपल्या मागे क्रियाकर्म नको असं सांगून ते गेले. त्याच माणसाने १९२३ मध्ये हिंदुत्वाची व्याख्या मांडून राष्ट्राला पितृभू-पुण्यभूच्या चौकटीत बसवलं, आणि अंदमानातून सुटकेचे अर्जही लिहिले. आमच्यातले काही पहिल्या कामासाठी दुसरं सगळं पोटात घालतात. काही दुसऱ्यासाठी पहिलं वाचतच नाहीत. मला विचाराल तर गायीवरचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला असता, आणि राष्ट्राच्या त्या व्याख्येवर त्याच वर्गात टीका केली असती. निबंध पटला म्हणून माणूस अख्खा पत्करावा लागत नाही. बांगडा घेतला म्हणून कोणी काट्यांसकट खात नाही.

र. धों. कर्वे तर आपले, मुरुडचे. त्यांच्यावर तरी टीका कशाला?

‘आपले’ हाच शब्द घात करतो. दापोलीजवळचं हे मुरुड. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. आता ते महर्षी, आणि आपले. (आपल्याकडे माणूस पदवी दिल्याशिवाय पचत नाही: महर्षी, महात्मा, लोकमान्य.) मुलगा रघुनाथ मात्र बिनपदवीचाच राहिला. बरंच झालं.

रघुनाथरावांनी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी गमावली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. खटला कशावर? वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर! खटला हरले, मासिक चालू राहिलं. हे पान लिहिताना मला त्यांची आठवण सारखी येते, एवढं कबूल करतो.

पण त्या काळच्या जगभरच्या संततिनियमन चळवळीत सुप्रजाशास्त्राचं वारं भरलेलं होतं. कोणी मुलं व्हावीत आणि कोणी नाही हे ठरवण्याची भाषा होती. इंग्लंडातली मेरी स्टोप्स तर तिची उघड पुरस्कर्ती. रघुनाथरावांचे अंक वाचताना त्या वाऱ्याची झुळूक लागते का, हे बघायलाच हवं. कोकणातले आहेत म्हणून नाक बंद करून वाचायचं नाही. त्यांना स्वतःलाही ते चाललं नसतं.

१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोसमोर लोक हात जोडतात. ती व्यक्तिपूजा नाही का?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी माझ्यासारख्या सवर्ण घरातून आलेला सभासद विचारतो, आणि त्याच्या आवाजात थोडी मौज असते. म्हणून आधी एवढंच: महाडचं चवदार तळं आमच्या कोकणातलंच. मार्च १९२७ मध्ये तिथलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना जावं लागलं, आणि त्यांना मार खावा लागला. ज्यांच्या आजोबांना ते पाणी नाकारलं होतं त्यांचे जोडलेले हात, आणि वक्त्याच्या विनोदावर हसून टाळ्या पिटणारे माझे हात, यांना मी एका तराजूत घालणार नाही.

बाबासाहेबांनी स्वतः विभूतिपूजेबद्दल काय लिहिलं ते वर दिलं आहे. ते आठवून देण्याचा हक्क त्यांच्या लोकांचा आहे, आणि त्यांच्या मूळ गावाकडची, मंडणगडची तरुण पोरं ते काम माझ्यापेक्षा कडक भाषेत करतात.

दाभोलकरांबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की तुम्ही चिडता. का?

चिडतो. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या माणसाला पुण्यात गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष सुटले.

हुतात्म्याबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे मारेकऱ्यांची बाजू घेणं, असं आपोआप वाटू लागतं. तिथेच फसगत होते. उदाहरण सांगतो. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माबद्दल तटस्थ राहायची. विरोध शोषणाला, श्रद्धेला नव्हे, ही त्यांची जाहीर भूमिका होती. आमचा कट्टा उघड नास्तिक. म्हणजे या मुद्द्यावर आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. तरीही आमचे सभासद त्यांचं नाव असं घेतात की जणू ते नास्तिकांचे सेनापती होते. मेलेला माणूस ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणायला येत नाही. पूजेचा सगळ्यात पहिला बळी पूजलेला माणूसच असतो.

ज्याला मानत होतो तो प्रत्यक्षात वाईट निघाला तर?

माझ्यावर वेळ आली ती सांगतो. नाव सांगणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक नावाजलेले वक्ते आमच्याकडे आले. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो, त्यांना आणायला मीच कुडाळ स्टेशनवर गेलो होतो. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवला, मंत्राने पेटणारा नारळ दाखवला, हॉल खूष. मग भाषणात त्यांनी भगतसिंगाचं म्हणून एक वाक्य फेकलं. टाळ्या. नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या दप्तरात भगतसिंगाच्या त्या लेखाची पुस्तिका होती, आमच्याच वाचनालयातून नेलेली. म्हणाली, सर, हे वाक्य कुठल्या पानावर आहे? मला सापडलं नाही.

ते हसले. म्हणाले, “बाळ, आधी गणित पास हो, मग भगतसिंग वाच.” हॉल हसला. मीही हसलो, पहिल्या रांगेत बसून. ती खाली बसली, पुस्तिका दप्तरात घातली, दप्तराची चेन दोनदा ओढली, कारण ती अडकत होती. पुढच्या कार्यक्रमाला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

रात्री मी ती पुस्तिका काढली. तीनदा वाचली. वाक्य नव्हतं. होतं ते हे, की एखाद्या थोर मानल्या गेलेल्या माणसावर टीका केलीत तर लोक तुम्हालाच घमेंडखोर म्हणतील, आणि कोणी मोठा आहे म्हणून त्याच्यावर टीका करायचीच नाही ही मनोवृत्ती प्रगती रोखते. म्हणजे त्या पोरीने केलं तेच. आणि हॉलभर विवेकवाद्यांनी तिला हसून गप्प बसवलं होतं.

मी वक्त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. पण खरी चूक त्यांची एकट्याची नव्हती. त्यांनी फक्त गाऱ्हाणं घातलं. ‘व्हय म्हाराजा’ आमचं होतं.

तेव्हा उत्तर असं: त्याने केलेलं चांगलं काम खोटं ठरत नाही. कापराचा प्रयोग आजही खरा आहे, मी स्वतः करून दाखवतो. पण ज्याला दुखावलं त्याच्याकडे आधी जा. प्रतिमा सावरायला धावू नका.

मुलांसमोर कोणाचा आदर्श ठेवावा?

ठेवू नका, त्यांना शोधू द्या. आणि जमलं तर रात्रीच्या दशावतारानंतर सकाळपर्यंत थांबवा. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नव्हे. ज्याने रात्रभर राजा म्हणून दरबार गाजवला तोच पहाटे रंग पुसून, चहा पिऊन, पेटारा उचलून पुढच्या गावाला निघतो. माझ्या मुलाने तो लहानपणी पाहिला. राजाबद्दलचं त्याचं प्रेम कमी झालं नाही. पेटारा जड आहे का, म्हणून तो उचलून बघायला गेला होता.

मग तुमचा हिरो कोण?

‘सुधारक’ काढणारे गोपाळ गणेश आगरकर. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा दारावरून गेलेली पाहिली आणि लिहीत राहिले. चूक सांगा म्हणाल तर सांगतो, पण त्याला एक बैठक लागेल.

आणि ती नववीतली मुलगी. आता ती गोव्यात नोकरी करते. चतुर्थीला घरी आलेली असताना बाजारात भेटली. मी तो दिवस काढला आणि माफी मागितली. ती म्हणाली, “सर, पुस्तिका अजून माझ्याकडेच आहे. दंड किती झाला असेल?”

कट्ट्यावर यायचं असेल तर?

दर महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. वर्गणी नाही, चहाचे पैसे ज्याचे त्याने. जिना अरुंद आहे, पावसात घसरतो. शिमग्यात आणि गणपतीत बैठक नसते, कारण निम्मे सभासद पालखीला खांदा द्यायला गेलेले असतात.